शिशाचे शिपाई

मागच्या महिन्यात पुण्याहून पुतणीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आवाज जरा खाली आणून तिने विचारलं, "काकू, दादा अजून ती खेळणी रंगवतो का हो?" एखाद्याचं व्यसन सुटलं का असं विचारावं, तसा सूर होता.

तिला दोष देत नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही याच सुरात बोलत होते. पन्नाशीला टेकलेला माणूस, घरी बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी, आणि हा रविवारी सकाळी भिंग लावून बोटाएवढ्या शिपायांच्या पट्ट्यांना पांढरा रंग देत बसतो! आमच्या नात्यागोत्यात या विषयावर बरीच कुजबुज झालेली आहे. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते, म्हणजे प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगायला नको. ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींनो, तुम्ही आमच्या घरचे नसलात तरी वाचा. यात शेवटी तुमच्या दिवाळीचाही संबंध येणार आहे.

मुलगा इंग्लंडात नॉटिंगहॅमला असतो. २०२३ साली मी त्याच्याकडे पाच महिने राहून आले. तिथे गेल्यावर कळलं, की हे वेड त्याला एकट्यालाच नाही, तो गावच त्यासाठी प्रसिद्ध आहे. गेम्स वर्कशॉप नावाची या धंद्यातली बडी कंपनी तिथली. तिच्या आसपास मूर्तिकारांनी आणि ओतकाम करणाऱ्यांनी आपापले छोटे कारखाने काढले. त्या भागाला गमतीने 'शिशाचा पट्टा' म्हणतात. शिसं आपलं म्हणायचं, हल्लीच्या मिश्रधातूत कथीलच जास्त, आणि बरेचसे शिपाई तर प्लास्टिकचे असतात. कंपनीचा मुख्य माल राक्षस आणि अंतराळवीर वगैरे. पण इतिहासातल्या खऱ्या फौजा रंगवणाऱ्यांचा पंथ निराळा, आणि आमचे चिरंजीव त्या पंथातले.

हा पंथ जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ च्या सुमारास अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी असा युद्धाचा खेळ रूढ केला. पुढे एच. जी. वेल्स या लेखकाने १९१३ साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात घरच्या फरशीवर खेळायच्या लढाईचे नियम दिले. वेल्सचं म्हणणं असं, की लढाईची हौस अशी जमिनीवर रांगत भागवावी, खऱ्या लढाईपेक्षा ही बरी. पुस्तक आल्यावर वर्षभरात पहिलं महायुद्ध सुरू झालं. असो.

त्याच्या खोलीत पहिल्यांदा गेले तेव्हा टेबलावर एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. त्याचं कारण सांगायला हवं.

तो लहान असताना आम्ही वाईला होतो. दिवाळीत सगळ्या आळीत किल्ले व्हायचे, तसा आमच्या अंगणातही व्हायचा. माती, दगड, जुनं गोणपाट, वर पेरलेली मोहरी आणि अळीव. कुंभाराकडचे मावळे यायचे. बाकीची मुलं दिवाळीनंतर मावळे कुठेतरी टाकून देत. हा मात्र ते पुसून डब्यात ठेवी, आणि वर्षभर माझे पोस्टर कलर घेऊन त्यांचे कुंभाराने दिलेले रंग खरवडून पुन्हा रंगवत बसे. चाळीसेक तरी मावळे असतील. दहावीच्या वर्षी सहामाहीला गणितात मार्क कमी पडले. मी शिक्षिका, लोक काय म्हणतील हा धाक मुलापेक्षा मलाच जास्त. तो शाळेत गेला असताना तो डबा घेतला, घाटावर गेले आणि मावळे कृष्णेत सोडून आले. मातीचेच होते, विरघळले असतील. संध्याकाळी रिकामा डबा त्याने पाहिला, पण एका शब्दाने विचारलं नाही. दहावीला मार्क चांगले पडले. मी पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट इतर पालकांना उदाहरण म्हणून सांगत असे!

नॉटिंगहॅमला मी हे सुनेला सांगायला गेले, तर तिला सगळं आधीच ठाऊक होतं.

तिकडे दिवस मोठे. सगळे कामाला गेले की मी एकटी. एका सकाळी मुलगा म्हणाला, "आई, तुझा हात रांगोळीचा आहे. मला मदत करशील?" त्याला असईची लढाई उभी करायची होती. म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातलं असई. २३ सप्टेंबर १८०३, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा एका बाजूला, आर्थर वेलस्ली दुसऱ्या बाजूला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, आणि तरी म्हातारपणी कुणी विचारलं की तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती, तर असईचं नाव सांगे. मी तेहतीस वर्षं इतिहास शिकवला. दुसरं इंग्रज-मराठा युद्ध: कारणे, वसईचा तह, असई, अडगाव, मग देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह, परिणाम. पाच मार्कांचा प्रश्न. मी म्हटलं, हे तर माझ्या हातचं आहे.

"मग सांग, शिंद्यांच्या पायदळाच्या कोटाचा रंग कुठला?"

मी म्हटलं, भगवा असेल. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

रंग लाल होता. महादजी शिंद्यांनी द बॉयन या सावकारी मुलखातल्या अधिकाऱ्याकडून कवायती पलटणी उभारून घेतल्या, त्यांच्या तेलंग्यांचे कोट कंपनीच्या शिपायांसारखेच लाल. (सॅव्हॉय नावाच्या प्रांताला मी वर्गात नेहमी 'सावकारी मुलूख' म्हणायचे. मुलं हसायची, पण नाव लक्षात राहायचं. सवय जात नाही.) म्हणजे असईच्या रानात दोन्हीकडे लाल कोट, दोन्हीकडे खांद्यावर बंदूक, दोन्हीकडे छातीवर पांढऱ्या पट्ट्यांची फुली. आणि शिंद्यांच्या त्या पलटणींतले शिपाई तरी मराठी होते का? बरेचसे अवधकडचे, गंगा-यमुनेच्या दुआबातले. त्यांचा सेनानी पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन. सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही शिंद्यांच्या बाजूला. पलीकडे वेलस्लीकडे स्कॉटिश हायलँडर आणि मद्रासचे शिपाई. आणि वेलस्लीबरोबरच पेशव्यांकडचं मराठा घोडदळ, त्यात बापू गोखले! होय, तेच बापू गोखले, जे १८१८ ला आष्टीला इंग्रजांशी लढताना पडले. आष्टीचे बापू मी दर वर्षी डोळ्यांत पाणी आणून शिकवले. १८०३ चे बापू कुठल्या छावणीत होते हे एकदाही सांगितलं नाही. परीक्षेला येत नव्हतं.

या कवायती पलटणींच्या समूहाला मराठी कागदांत 'कंपू' म्हणतात. आपण आज ब्लॉगांवर आणि संकेतस्थळांवर एकमेकांना कंपूबाज म्हणून हिणवतो, तो कंपू हाच बरं का!

आता रंगवण्याबद्दल. शिपाई अठ्ठावीस मिलिमीटरचा, म्हणजे पायापासून डोळ्यापर्यंत एवढासा. साचा दोन भागांचा असल्यामुळे जोडाच्या जागी एक बारीक शिवण उठते, ती आधी कानसेने घासायची. (आपल्या मातीच्या मावळ्यालाही ही शिवण असते, दोन्ही कानांवरून खाली जाते. बघा कधी.) मग साबणाने धुऊन, जुन्या बुचावर चिकटवून, अंगणात नेऊन अस्तराचा फवारा मारायचा. हवा दमट नको. इंग्लंडात ही अट म्हणजे निम्मा दिवस खिडकीतून आभाळाकडे पाहण्यात जातो. मग मूळ रंग, दुधासारखे पातळ करून दोन हात. रंगाच्या बाटल्या थेंब पाडायच्या, स्पेनहून येतात. ब्रश कोलिन्स्की मुंगसासारख्या कुठल्याशा प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा, त्याचं टोक सुईसारखं राहतं. मुलाने तो माझ्या हातात देताना अशी नजर टाकली, की मी त्याला पहिल्यांदा आईशिवाय शाळेत सोडताना टाकली असेन.

मूळ रंगावर एक पातळ काळपट शाई सोडतात. भिंतीच्या कोपऱ्यात ओल मुरावी तशी ती कोटाच्या चुण्यांत, पट्ट्यांच्या कडांना, बोटांच्या फटींत जाऊन बसते. आणि मग शेवटी उंचवट्यांवर उजळ रंगाच्या रेघा. मी विचारलं, सावली मुद्दाम का काढायची, खरा उजेड पडतोच की. तर एवढ्याशा वस्तूवर खरा उजेड पुरेशी सावली पाडत नाही, ती रंगानेच दाखवावी लागते. हे मला लगेच समजलं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलांच्या भुवया कोळशासारख्या काळ्या केल्या नाहीत तर मागच्या बाकांवरून चेहराच दिसत नाही, तसं.

चोवीस शिपायांची पलटण एकेक करून रंगवायची नाही. सगळ्यांचे कोट, मग सगळ्यांच्या पगड्या, मग सगळ्यांचे पट्टे. आम्ही पेपर तपासायचो तसं: सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. काम भराभर होतं. पण पेपरांत जे होतं तेच इथेही होतं, मूल दिसत नाही, नुसती उत्तरं दिसतात. चेहरा मात्र एकेकाचाच करावा लागतो. बाजारात 'फ्लेश' नावाने मिळणारी जुनी बाटली गुलाबी गोऱ्याची. आपल्या शिपायांसाठी मुलगा तीन-चार तपकिरी रंग कालवतो आणि प्रत्येकाला वेगळं कालवण. अवधचा उजळ, मद्रासचा सावळा असंही सरसकट नाही. नात म्हणाली, आपल्या घरातच किती रंग आहेत बघ की.

महिन्याभरात कोट-पट्टे मला जमू लागले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, हात जरासा कापतो, पण मनगट टेबलाला टेकवून श्वास रोखला की रेघ सरळ येते. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बायकांना हे शिकवावं लागत नाही. मग मुलाने माझ्यापुढे बारा गोलंदाज ठेवले. म्हणाला, "यांचं तू ठरव." पलटणींच्या कोटांच्या नोंदी आहेत, पण या तोफेवरच्या माणसाच्या अंगावर काय होतं हे सांगणारी खात्रीची ओळ त्याला सापडली नव्हती.

असईचे गोलंदाज ही काय चीज होती ते सांगते. शिंद्यांकडे शंभराच्या आसपास तोफा होत्या. वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितलं होतं की जवळपास उतार नाही. पण कैलनेच्या, म्हणजे इंग्रजी पुस्तकातल्या कैटनाच्या, दोन काठांना समोरासमोर दोन गावं दिसली, त्यावरून त्याने ताडलं की मध्ये उतार असणारच. तिथून तो बाजूला उतरला. पोलमनच्या पलटणींनी भराभर तोंड फिरवून नवी फळी धरली. हे त्यांना जमेल असं वेलस्लीला वाटलं नव्हतं. इंग्रजांची रांग तोफांपर्यंत आली, संगिनी चालल्या. गोलंदाज जागेवरून हलले नाहीत, तोफांपाशीच पडले. आणि रांग पुढे निघून गेल्यावर त्यांतले मेल्याचं सोंग घेऊन पडलेले उठले, तोफा वळवल्या आणि पाठमोऱ्या फळीवर डागल्या. वेलस्लीला पुन्हा मागे येऊन त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. त्या दिवशी त्याच्या बाजूची सोळाशेच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. चौऱ्याहत्तराव्या हायलँडर पलटणीची तर धूळधाण झाली. त्या पलटणीला त्या दिवसासाठी मिळालेलं खास निशाण आजही इंग्रज सांगतात. आपल्या त्या गोलंदाजांपैकी एकाचंही नाव मी वर्गात घेतलं नाही, कारण माझ्या पुस्तकात ते नव्हतं.

तर अशा बारा माणसांना काय नेसवू? मी दोन दिवस नुसती त्यांच्याकडे बघत बसले. शेवटी स्वयंपाकघरात उभी असताना सुचलं. सप्टेंबर महिना, दुपार, तापलेली तोफ, दारूचा धूर. काम करणारा माणूस बाह्या वर करणार, शेला कमरेला आवळणार, नवं पागोटं घालून येणार नाही. दारू ठासणाऱ्याचा हात कोपरापर्यंत काळा. पाण्याची बादली घेतलेल्याचं धोतर ओलं. ज्याच्या हातात पलिता, त्याच्या भुवया जळलेल्या. एवढ्याशा आकारात जळलेल्या भुवया काढता येत नाहीत हे नंतर कळलं. पण तेहतीस वर्षांत पहिल्यांदा मी १८०३ सालातल्या माणसाला 'तुला उकडतंय का' असं विचारलं, हे खरं.

माझं म्हणणं ते हे आहे, नातेवाईक मंडळी. हा छंद पोरकट नाही. तारखा, तह आणि सेनापती यांच्यावर आमचा इतिहास संपतो. रंगवणाऱ्याला तिथे थांबताच येत नाही. त्याला चोवीसाव्या शिपायाच्या पायात काय होतं हे विचारावंच लागतं, आणि विचारलं की अडचणीच्या गोष्टी बाहेर येतात. लाल कोट दोन्हीकडे निघतात. बापू गोखले पलीकडे उभे दिसतात.

आक्षेप आहेत, आणि ते मी मुलाच्या तोंडावर बोलले आहे. रंगवून झालं की क्लबच्या हॉलमध्ये मोठ्या टेबलावर लढाई मांडतात. फासे टाकायचे, फुटपट्टीने अंतर मोजायचं, पलटण मोडली की उचलून डब्यात. तिथे एक सत्तरीचे गोरे गृहस्थ हायलँडर मांडत होते. त्यांनी मला अदबीने खुर्ची दिली आणि विचारलं, यातली तुमची बाजू कुठली? माझं इंग्रजी बेताचं, पण मराठीत विचारलं असतं तरी मला पटकन उत्तर देता आलं नसतं. पुढे फासे शिंद्यांच्या बाजूने पडले, गोलंदाजांनी पाठीमागून मार दिला आणि वेलस्ली हरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. मग चहा झाला. आणि मी रंगवलेला एक ठासणारा आडवा पडून होता, त्याला उचलून सरळ ठेवताना मला बरं वाटेना. मुलगा म्हणाला, "आई, बुद्धिबळात काय वेगळं होतं?" मी म्हटलं, बुद्धिबळातल्या प्याद्याला चेहरा नसतो. यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही यापुढे काही नव्हतं. रंगवणं मला पूर्ण पटलं आहे, खेळणं अर्धवट. रंगवणारे पुष्कळ जण खेळतच नाहीत असं ऐकलं, तेव्हा मी त्यांच्यातली.

आता तुमच्या दिवाळीबद्दल. आपल्याकडे महाराजांच्या सिनेमातल्या पोशाखावरून रणं माजतात. कुणाचा जिरेटोप चुकला, कुणाची दाढी. आणि किल्ल्यावर जे मावळे उभे करतो त्यांच्याकडे कुणी बघतं का? सगळ्यांना एकच मिशी, एकच तांबडा अंगरखा, बुरुजापेक्षा मावळा उंच. तोही आताशा प्लास्टरचा, रंगवून तयार. मूल पैसे देतं, ठेवतं, आठ दिवसांनी टाकतं. त्या मावळ्याला एक प्रश्नही विचारलेला नसतो. माझं म्हणणं, रंगवलेले मावळे आणू नका. कुंभाराकडून कोरे आणा आणि मुलांच्या हातात ब्रश द्या. रंग चुकेना का. पण हा कुठल्या गावचा, पेरणी टाकून आला की उरकून आला, घोंगडी कुणाची, हे त्यांना ठरवू द्या. शाळांनीही हे करावं. एक तास पुरतो, मी मोजून सांगते.

गेल्या दिवाळीत मी कुंभारवाड्यात जाऊन कोरे मावळे मागितले. कुंभार म्हणाला, "बाई, रंग न देता कुणी नेत नाही. भाव तोच पडेल." म्हटलं, तोच घे. वीस आणले. खालच्या मजल्यावरची चार मुलं बोलावली, वर्तमानपत्रं पसरली, बाटल्यांची झाकणं मावळ्यांच्या पायाला चिकटवून दिली. एकाने विचारलं, "आजी, पागोटं कुठल्या रंगाचं?" मी म्हटलं, तूच सांग. तो बराच वेळ ब्रश चोखत बसला (रंगाचा नव्हता, पाण्याचा) आणि मग त्याने पांढऱ्यात थोडी माती कालवली. त्याचा मावळा तीन दिवस चालून आला होता म्हणे, त्याला पागोटं धुवायला वेळच मिळाला नव्हता.

त्याचा फोटो मी नॉटिंगहॅमला पाठवला. उलट फोटो आला तो माझ्या बाराव्या गोलंदाजाचा, निघायच्या गडबडीत माझा अर्धाच राहून गेला होता तो. अजून तसाच ठेवलाय, बुचावर. तेव्हा पुतणीबाई, हो, रंगवतो तो अजून. आणि पुढच्या उन्हाळ्यात मीही जाणार आहे.